अंबरनाथ पूर्वेतील अँटिव्हायरस-अवशेष : एक पुरातत्त्वीय टिपण

अंबरनाथ पूर्वेत पुरातत्त्वाचा विषय निघाला की वालधुनीकाठचे शिवमंदिर आणि त्यातील शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलालेख एवढ्यावरच चर्चा आटोपते; परंतु त्याहून कितीतरी अर्वाचीन आणि वाचायला त्याहून दुर्बोध असे अवशेष याच गावातील संगणकांत दडलेले असताना अभ्यासकांनी त्यांकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. हे अवशेष अँटिव्हायरसचे, म्हणजे घातक प्रोग्राम आत शिरू नयेत म्हणून बसवलेल्या आणि यथावकाश काढून टाकलेल्या संरक्षकाचे होत; अर्थात तो काढून टाकला आहे, ही केवळ मालकाची समजूत असते.

आनंदनगर एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याच्या हिशेबाच्या संगणकात किंवा कानसईतील शिकवणीवर्गाच्या लॅपटॉपमध्ये उत्खनन केल्यास साधारणपणे तीन थर लागतात. तळाशी लॅपटॉपबरोबर आलेली आणि मुदत संपून गेलेली चाचणी आवृत्ती असते, तिच्यावर दुकानदाराने वर्षभराच्या किल्लीसह गळ्यात मारलेली आवृत्ती असते आणि सर्वांत वर, भलतेच काही उतरवून घेताना आगंतुकपणे आलेली फुकट आवृत्ती असते. तिन्ही गेल्याचे सांगितले जाते. तरीही संगणक रोज सकाळी सुरू होताना त्यांपैकी एकीची फाइल सापडत नसल्याची तक्रार करतो आणि कार्यालयातील कर्ता इसम ‘ओके’ दाबून तिची बोळवण करतो. काहीतरी बिघडल्याचे सांगणाऱ्या चौकटीत ओके हे एकच बटण का असावे, हा प्रश्न विद्वानांनी अद्याप हाताळलेला नाही.

या चिवटपणाची कारणे तांत्रिक असली तरी त्यांना मानवी स्वभावाचा वास आहे. व्हायरसने अँटिव्हायरसलाच हाकलू नये म्हणून त्याला स्वसंरक्षणाची सोय दिलेली असते, आणि ही सोय कधीकधी मालकालाही चोर समजते. शिवाय त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्याशी बसून प्रत्येक फाइलची झडती घेणारे लहान प्रोग्राम, चालू असताना पुसता येत नाहीत. तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, परवान्याच्या खुणा मुद्दाम मागे ठेवल्या जातात, कारण ग्राहक परत येईल ही एक आशा आणि तो फुकटची मुदत दुसऱ्यांदा लाटेल ही एक भीती. सर्वांत मौजेची गोष्ट अशी की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा संरक्षक नोंदलेला दिसला की अदबीने बाजूला होतो. गेलेल्याची नोंद पुसली गेली नसेल तर तो तसाच स्वस्थ बसून राहू शकतो, आणि मग जुना हजर नाही, नवा कामावर नाही, अशी शासकीय कार्यालयांना शोभणारी अवस्था निर्माण होते.

या धंद्यातील आद्यपुरुषांपैकी एक, जॉन मॅकॅफी, यांनी स्वतःची कंपनी सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी, २०१३ साली, आपल्याच नावाचे सॉफ्टवेअर कसे काढावे याची विडंबनात्मक चित्रफीत काढली आणि तिच्या अखेरीस संगणकावर गोळी झाडली. हा उपाय खात्रीचा असला तरी अंबरनाथमध्ये परवडणारा नाही. संरक्षकाची फाइल हाताने पुसण्याची वेळ मोठ्यांवरही येते: १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तेव्हाही अनेक ठिकाणी उपाय हाच होता की प्रत्येक यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजला केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरांनिशी जागे करून, सुरू करावे आणि ती फाइल हाताने पुसावी.

स्थानिक परंपरेत मात्र दोनच संप्रदाय आहेत. पहिला ‘फॉरमॅट मारा’ म्हणणारा; त्याचे अनुयायी बॅकअप न घेता टॅलीतील जीएसटीचे हिशेबही मोक्षास पाठवतात. दुसरा रजिस्ट्री क्लीनरवाद्यांचा. ती नोंदवही आपोआप स्वच्छ करण्याचा दावा करणाऱ्या साधनांना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, ही बाब त्यांना गौण वाटते.

तिसरा मार्ग नीरस आहे, म्हणूनच त्याला अनुयायी नाहीत. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून प्रोग्राम रीतसर काढावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि तरीही अवशेष उरल्यास त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील निर्मूलन-साधन, कंपनीने सांगितले असल्यास सेफ मोडमध्ये, चालवावे. आपलाच माल निघत नाही हे ओळखून नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट अशा कंपन्यांनी त्यासाठी वेगळे साधन बनवावे, हा प्रामाणिकपणा म्हणावा की कबुलीजबाब, हे वाचकाने ठरवावे. सुरुवातीची ती रोजची तक्रार उरलीच, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हे साधन आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवते आणि नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद तेथे खूण काढून बंद करता येते.

या सर्व खटाटोपात एकच कृती निश्चितपणे टाळावी, ती म्हणजे गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो क्रमांक फिरवणे. कारण पलीकडचा सौजन्यमूर्ती दूरस्थ नियंत्रणाचे अ‍ॅप घ्यायला लावून अवशेषांऐवजी बँक खाते साफ करू शकतो. तसे घडल्यास राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक १९३० आहे, आणि तो जितक्या लवकर लावला जाईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.