पन्नासपैकी एकतीस

शनिवारी सकाळी नऊ वाजता बिअर घेऊन बसणाऱ्या माणसाला आपल्याकडे जे म्हणतात, ते मासिकात छापण्यासारखं नाही. अमेरिकेत त्याला परीक्षक म्हणतात आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास, बेचव बिस्किटांची बशी आणि टोक केलेली पेन्सिल मांडून ठेवतात.

हे परीक्षकबुवा साधारण पन्नाशीचे असतात. दाढी असते. अंगात कुठल्यातरी बिअर महोत्सवाचा, पोटावर आता जरा ताणलेला टी-शर्ट असतो. एरवी ते विमा कंपनीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये असतात; पण ती झाली उपजीविका. त्यांचं खरं आयुष्य शनिवारी सुरू होतं. त्या सकाळी ते सुवासिक साबण लावत नाहीत आणि न्याहारीला तिखट काही खात नाहीत. खिशात छोटा टॉर्च असतो. तो अंधारासाठी नव्हे, बिअर गढूळ आहे का ते पाहण्यासाठी.

घरी बिअर करायला अमेरिकेत केंद्राची परवानगी मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. लोकांनी गॅरेजमध्ये पातेली चढवली, मग स्पर्धा आल्या, आणि स्पर्धा आल्या म्हणजे गुण देणारे आलेच. १९८५ मध्ये ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ सुरू झाला. आता त्यात आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग चवीची, म्हणजे दीड तासात ६ बिअर चाखून प्रत्येकीवर लेखी अभिप्राय. पुढे अनुभवाचे गुण साठवत ‘सर्टिफाइड’, ‘नॅशनल’, ‘मास्टर’ करत ‘ग्रँड मास्टर’पर्यंत चढायचं. या सगळ्याचं मानधन शून्य. दुपारचं सँडविच मात्र मिळतं.

परीक्षकबुवांचा जीव खरा रमतो तो दणदणीत बिअरमध्ये. इम्पीरियल स्टाउटचा पेला समोर आला की पेन्सिल धावायला लागते: कॉफी, कडू चॉकलेट, सुकवलेले आलुबुखार, जुनं चामडं, तंबाखू. रकाने पुरत नाहीत, समासात बाण काढून लिहावं लागतं. पण स्पर्धेत हलक्या बिअर सकाळी ठेवतात, जीभ ताजी असते म्हणून. तेव्हा सकाळच्या यादीत बुवांच्या नावापुढे येतं ‘क्रीम एल’. बुवांचा चेहरा पडतो.

क्रीम एलमध्ये क्रीम नसतं, दूध नसतं, दुधाची साखरही नसते. हे बाटल्या आणून देणाऱ्या स्वयंसेवकाला बुवा दर वर्षी सांगतात. स्वयंसेवक दर वर्षी तोच असतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक अमेरिकेत आले ते थंडीत मुरवलेली स्वच्छ, सोनेरी लागर घेऊन, आणि गिऱ्हाईक तिकडे पळू लागलं. ईशान्येकडे जुन्या चालीची बिअर, म्हणजे एल, करणाऱ्यांना धंदा टिकवायचा होता. त्यांनी मग आपली एलच लागरसारखी दिसेल, लागरसारखी घशाखाली उतरेल अशी केली. अंगाने हलकी व्हावी म्हणून बार्लीच्या जोडीला मका घातला, थोडी साखर चालवून घेतली आणि वर थंडीत मुरवली. दारूबंदीची तेरा वर्षं, १९२० ते १९३३, सोसूनही ती पुरती मेली नाही. सिनसिनाटीच्या ‘लिटल किंग्ज’ने ती ७ औंसांच्या हिरव्या बाटलीत भरली. रॉचेस्टरच्या ‘जेनेसी’ ब्रुअरीने १९६० मध्ये आपली क्रीम एल आणली, आणि हिरव्या डब्यातली ती बिअर त्या भागातल्या कामगारांची संध्याकाळ होऊन बसली. अल्कोहोल ४.२ ते ५.६ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या ‘माइल्ड’ बाटलीच्या आसपासच. कडवटपणा नावापुरता. गवत कापून आल्यावर घटाघट प्यायची, आणि पिताना बेसबॉलबद्दल बोलायचं, बिअरबद्दल नाही.

अशा बिअरवर बुवांना आता पानभर लिहायचं असतं.

गुणपत्रिका ५० ची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १०. बुवा ओततात आणि लगेच नाक पेल्यात घालतात, कारण काही वास पहिल्या क्षणातच उडून जातात. काही येत नाही. पेल्यावर तळहात झाकून फिरवतात, पुन्हा हुंगतात. हां, मका! उकडलेल्या कणसाचा पुसटसा वास. आता खरी पंचाईत. हा वास येतो डायमिथाइल सल्फाइडमुळे. भांडं उघडं ठेवून धान्याचा रस खळखळून उकळला की तो बराचसा निघून जातो. बहुतेक फिक्या एलमध्ये तो दोष. क्रीम एलमध्ये नियम सांगतो की थोडा चालेल, पण असायलाच हवा असं नाही. म्हणजे आला तर आनंद, नाही आला तरी तक्रार नाही. एवढ्या सरकारी वळणाच्या नियमावर १२ पैकी गुण द्यायचे.

नवशिका परीक्षक आणखी एका ठिकाणी हमखास पडतो. त्याला लोण्याचा वास येतो आणि तो खूश होऊन जास्त गुण देतो: क्रीम एल आहे, लोणी असणारच! बुवा त्याच्याकडे करुणेने पाहतात. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. इथे तो दोषच. आणि दोष सापडला की बुवांची कळी खुलते. दोषावर चार ओळी सहज लिहिता येतात. त्यांना धडकी भरते ती निर्दोष बाटलीची.

कारण ही बिअर साध्या वरणासारखी आहे. फोडणी नाही, मसाला नाही, जे कच्चं राहिलं ते लपवायला जागाच नाही. स्टाउटमधली चूक भाजलेल्या माल्टखाली दडून जाते. इथे यीस्टला जरा गरमी जास्त झाली की फळांचा वास वर येतो आणि पकडला जातो. करणाऱ्याची परीक्षा म्हणूनच इथे अवघड असते. परीक्षकाचीही असते, पण तसं तो कबूल करत नाही.

टेबलावर दुसरा परीक्षक असतोच. गुण मांडून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही असा दंडक आहे, त्यामुळे दोघं भिवयांनी बोलतात. मग पत्रिका उलटतात. बुवांचे ३७, जोडीदाराचे २६. एवढी दरी चालत नाही. दोघांनी सातेक गुणांच्या आत यायचं. जोडीदार म्हणतो, मका फार आहे. बुवा म्हणतात, मका आहे कुठे? दोघं पुन्हा हुंगतात. स्वयंसेवक, ज्याचं मत कोणी विचारलेलं नाही, उरलेली बाटली संपवतो आणि म्हणतो, “मस्त आहे की.” सबंध सकाळचा अचूक अभिप्राय तोच, पण त्याला रकाना नाही. शेवटी तोडगा निघतो: ३२. बाटली पाठवणाऱ्याला दोन कागद मिळतात. एकावर सल्ला, मका कमी करा. दुसऱ्यावर, मका वाढवायला हरकत नाही.

दुपारी सर्वोत्तम बिअर निवडतात. प्रत्येक बिअर आपल्या जातीच्या कसोटीला किती उतरते एवढंच तिथे पाहायचं असतं. तरी ओकच्या पिंपात मुरलेल्या, धुरकट, आंबट मंडळींच्या रांगेत ही बिचारी उभी राहिली की ती कोणाला आठवत नाही.

आणि गंमत अशी की परीक्षकबुवा स्वतः घरी करतात ती क्रीम एलच. स्टाउटचा एक पेला पिऊन माणूस झोपतो. पाच गॅलन संपवायची तर पिता येईल अशीच बिअर करावी लागते. या वर्षी त्यांनी ती स्पर्धेला पाठवली. आपली बाटली ज्या गटात, त्या गटात परीक्षक म्हणून बसता येत नाही, म्हणून त्यांची रवानगी झाली धुरकट बिअरच्या टेबलावर. तिथे सकाळभर त्यांचं नाक पेल्यात आणि कान तीन टेबलं पलीकडे.

पंधरा दिवसांनी पत्रिका आली. ३१. शेरा: ‘स्वच्छ. छान. विशेष काही जाणवलं नाही.’

“विशेष जाणवायचं नव्हतंच!” बुवा स्वयंपाकघरात ओरडले. बायको फ्रिजमधली तिसरी बाटली उघडत होती. हल्लीच्या परीक्षकांना पिता येत नाही, असं त्यांनी तिला सविस्तर समजावलं. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावची स्पर्धा होती. त्यांनी तीच बिअर ‘ब्लॉन्ड एल’च्या गटात धाडली. तिथे ३३ मिळाले, आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती: मक्याचा किंचित वास येतो, क्रीम एल म्हणून पाठवून पाहावी.