किती देते?

वाशिमात नवी मोटारसायकल घेतली की तिचा रंग, किंमत, कंपनी असलं काही कोणी विचारत नाही. गाडीला हार घालून, बालाजीच्या मंदिरासमोर नारळ फोडून माणूस घराकडे वळतो न वळतो तोच कोपऱ्यावरून प्रश्न येतो, "किती देते?" म्हैस घेतल्यावरही आमच्याकडे हाच प्रश्न विचारतात, याच शब्दांत. दोन्ही बाबतींत उत्तर थोडं फुगवून सांगायची रीत आहे. ऐकणाराही कच्चा नसतो. तो मनातल्या मनात म्हशीचे दोन लिटर आणि गाडीचे दहा किलोमीटर कापूनच मान डोलावतो.

या प्रश्नाला दशांश चिन्हासह उत्तर देणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. "एकाहत्तर पॉइंट चार. मागच्या टाकीले पॉइंट नऊ होतं, पण चार दिवस वारा समोरून होता." आम्ही त्यांना ॲव्हरेज गुरुजी म्हणतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, यांचं शिकवणं बेताचं असावं. तसं अजिबात नाही. त्यांच्या चौथीतली पोरं आंबे आणि पेरू वाटत बसत नाहीत. ३१२ किलोमीटरला ४.४ लिटरनं भागून थेट उत्तर देतात, आणि उत्तर साठच्या खाली आलं तर "गुरुजी, चेन ढिली असन" असंही सांगतात.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. वाशिमहून रिसोड रोडनं चोवीस किलोमीटर, रोजचं अपडाऊन. त्यांच्या गाडीचा काटा चाळिशीला पोहोचला की जणू कोणीतरी त्याचा कान धरतं. मागून एसटी येते, ट्रॅक्टर येतो, एकदा तर लग्नाच्या वरातीतला बँडचा टेम्पो वाजतगाजत पुढे निघून गेला. गुरुजी डावीकडून, चाळीसनं, प्रसन्न चेहऱ्यानं. पुढे म्हशी दिसल्या की ते ब्रेक दाबत नाहीत; दोनशे मीटर आधीच मूठ सोडतात आणि गाडी म्हशींपर्यंत अशा बेतानं नेतात की शेवटची म्हैस बाजूला व्हावी आणि पाय टेकायची वेळच येऊ नये. "ब्रेक म्हंजे काय? जाळलेलं पेट्रोल ड्रममंदी घासून टाकणं," हे त्यांचं म्हणणं आहे, आणि विज्ञानाच्या पुस्तकात शोधलं तर ते तिथंही सापडेल.

या सगळ्यातून वाचतं काय? मी एकदा हिशेब मांडला. लिटरला साठ देणारी गाडी सत्तर देऊ लागली तर अठ्ठेचाळीस किलोमीटरमागे साधारण शंभर-सव्वाशे मिली पेट्रोल वाचतं. रोजचे बारा रुपये. त्यासाठी जाता-येता दहा-दहा मिनिटं जास्त. हा आकडा मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी एखादा भजनी माणूस टाळांची किंमत विचारणाऱ्याकडे टाकेल.

त्यांची वही मी पाहिली आहे. शर्टाच्या खिशात मावणारी, रबर लावलेली, पेट्रोलचा वास असलेली. तारीख, रीडिंग, लिटर, दर, वारा, आणि शेवटचा रकाना 'सीट'. त्यात 'सिं.' म्हणजे सिंगल. 'सौ.' म्हणजे काकू. सौ.च्या ओळीला आकडा हटकून साठ-एकसष्ट. ही वही एकदा काकूंच्या हाती लागली. पुढचे तीन आठवडे त्या कुठंच गाडीवर बसल्या नाहीत, रिक्षानं गेल्या, आणि रिक्षाच्या भाड्याचा रकाना त्यांनी गुरुजींच्याच वहीत, त्यांच्याच पेनानं आखला.

पंपावर गुरुजींची पूजा वेगळी. पंप तोच, नळी तीच, गाडी मेन स्टँडवरच. साइड स्टँडवर कललेल्या टाकीत फरक पडतो. पण भोळसट म्हणाल तर तेही नाहीत. शंभरऐवजी एकशेदहाचं टाका म्हणजे काटा मारत नाहीत, असं मानणाऱ्यांना ते हसतात. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल घट्ट मिळतं म्हणून सहाला रांग लावणाऱ्यांना विचारतात, "टाकी जमिनीखाली असते बावा, तिले काय थंडी वाजते?"

तरीही जमाना त्यांच्यावर उलटलाच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट दिवसाही चालू ठेवणं सक्तीचं झालं. गुरुजींची नवी गाडी त्यानंतरची. रस्त्यानं भेटणारा प्रत्येक शेतकरी पंजा उघडून-मिटून "लाइट चालू हाये" असं खुणावायचा, आणि प्रत्येक वेळी गुरुजींच्या काळजातून थेंबभर पेट्रोल जायचं. मग २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, आणि कार्बोरेटर गेला. कार्बोरेटरला एक स्क्रू असायचा. तो पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करून इंजिनाच्या आवाजावरून ॲव्हरेज काढणारा मेस्त्री आणि गुरुजी यांचं नातं वैद्य आणि नाडीचं होतं. आता पेट्रोल किती सोडायचं हे आतला कॉम्प्युटर ठरवतो. "स्क्रूच ठेवला नाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दहनाहून परतलेल्या माणसाच्या सुरात ऐकलं आहे. त्यावर वीस टक्के इथेनॉलची भर. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ताकद, म्हणजे वहीतला आकडा खाली येणारच. "आपण पेरतो सोयाबीन, अन् गाडी पिते उसाचा रस!"

गुरुजींचे साडू नागपूरला असतात आणि त्यांच्याकडे कार आहे. साडूंना गाडी पळवायला आवडते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून ते शेलूबाजारला दर महिन्याला उतरतात. दुचाकीला त्या रस्त्यावर मज्जाव, म्हणून गुरुजींना तो फक्त पुलावरून बघायला मिळायचा. एकदा साडूंनी त्यांना शेजारी बसवून नागपूरला नेलं. चूक अशी झाली की त्या कारच्या पडद्यावर या क्षणी लिटरला किती पडतंय तो आकडा दिसतो. साडूंचा वेग एकशेवीस, आकडा तेरा. गुरुजींनी वेगाच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ऐंशीवर आणा बरं जरा."

ऐंशीवर आकडा एकवीस झाला. गुरुजी वर्गात असल्यासारखे समजावू लागले, की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, एवढा सगळा पैसा तुम्ही हवा कापायला देता. पुढे एक ट्रक होता. "त्याच्या मागंच राहा, वारा तो कापते." साडू म्हणाले, "भाऊ, मजा तर घेऊ द्या." गुरुजी म्हणाले, "मजाच तर घेऊन राह्यलो." पुढे उतार आला तेव्हा इंजिन बंद करायची सूचना आली. कारमध्ये इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही हळूहळू दगडासारखा होतो. साडूंनी ती सूचना ऐकू न आल्यासारखं केलं. वर्ध्यापर्यंत दोघं बोलले नाहीत.

मला वाटायचं, हा माणूस चिक्कू आहे. मग मागच्या ऑक्टोबरात माझी गाडी गॅरेजात असताना त्यांच्यासोबत अकोल्याला जायचा योग आला. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो. गुरुजींनी ते बसण्याआधीच विचारून घेतलं.

इथं भूगोल सांगावा लागेल. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, अकोला तीनशेच्या आसपास. काटेपूर्णा आमच्याच जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेला उतरत जाते. गुरुजीही तसेच जातात. मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट. गावात ते जे विक्रमी आकडे सांगतात त्यात अकोल्याला जातानाचे बरेच असतात. येतानाचे त्यांनी सांगितल्याचं मला आठवत नाही.

घाटाच्या तोंडाशी गुरुजी थांबले. मला दुपट्टा शर्टात खोचायला लावला, बाह्यांची बटणं लावायला लावली. "वारा भरते." मग गाडी न्यूट्रल करून त्यांनी इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "गुरुजी, नव्या गाडीत गिअरमध्येच मूठ सोडली तरी पेट्रोल बंद होतं म्हणे." त्यांचा एक जुना विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे, त्यानंच मला सांगितलं होतं. गुरुजींना ते माहीत होतं. "होते. उलट न्यूट्रलले इंजिन चालू ठेवलं तर जास्त जाते. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं मले ते ऐकून. पण गिअरमंदी गाडी तरंगत नाई ना बावा!"

आणि आम्ही सुटलो. हे कोणी करू नये. इंजिनाची ओढ नसताना सगळा भार ब्रेकवर येतो, आणि समोरून ट्रक येत असतात. पण सांगतो तसं झालं खरं. आधी चेनची सळसळ, मग फक्त टायरचा आवाज, मग सागाच्या झाडीत कुठंतरी तितर ओरडला तो स्पष्ट ऐकू आला. गुरुजी टाकीवर आडवे झाले, हनुवटी काट्याला टेकली. "वाक! मान खाली घाल!" दोन प्रौढ माणसं एका मोटारसायकलवर पालथी. चाळिसाला कान धरणाऱ्या त्या माणसानं मला ओरडून काटा वाचून दाखवला, "बासष्ट! एक थेंब नाई, बासष्ट!" हेल्मेटच्या आत ते गात होते. काय, ते कळलं नाही.

घाट संपला. सपाटीवर गाडीचा जीव हळूहळू कमी होऊ लागला. पुढे एक चहाची टपरी, तिच्या अलीकडे कडूलिंब. बारा वर्षांत गुरुजी कडूलिंबापर्यंतच पोहोचले होते. त्या दिवशी कडूलिंब गेलं. टपरी गेली. टपरीवाला गाळणी हातात धरून उभाच राहिला. हातपंपाच्याही पुढे, अगदी चालत्या माणसाच्या वेगानं, डुगडुगत जाऊन गाडी थांबली. गुरुजींनी उतरून कडूलिंबापर्यंत पावलं मोजली. एकशे सोळा. परत आले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"वारा तेवढाच लागते," ते माझ्याकडे आपादमस्तक पाहत म्हणाले, "अन् वजन डबल. काहून सुचलं नाई मले हे बारा वर्षं?"

वहीत 'सीट'च्या रकान्यात माझं नाव चढलं, लाल पेनानं. संध्याकाळी घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरात कण्हत होती आणि गुरुजी एक अक्षर बोलले नाहीत. त्या प्रवासाची ओळ वहीत कोरी आहे.

पुढच्या रविवारी पहाटे सहाला फाटकात हॉर्न वाजला.

"चाल, अकोल्याले जाऊ. जेवला नसशीन तर काहीतरी पोटभर खाऊन घे."

मी विचारलं, "गुरुजी, आणि येताना?"

"येताना तुले एसटी हाये ना. साडेचारची. मी टाइम पाहून ठेवला."