माणसाविना, पण जरा इकडे या

डेबियनच्या इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच लिहून देता येतात. त्या फाइलला प्रीसीड म्हणतात. ती दिली की माणसाने चहाला जायचं आणि परत येईपर्यंत रांगेतली सगळी यंत्रं तयार, असा करार. प्रत्यक्षात सगळी एकाच प्रश्नावर अडून बसलेली असतात: कीबोर्ड कुठला? उत्तर फाइलमध्ये आहेच. पण फाइल येणार नेटवर्कवरून, आणि प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधीचा! म्हणून तो बूटच्या ओळीतच उरकावा लागतो.

डिस्कचं प्रकरण थेट तहसील कचेरीतलं. नवं लेबल लिहू? हो. विभागणी संपली? संपली. बदल खरंच लिहू? लिही. जुनं काही पुसलं जाणार नसेल, तरी लिहू? अहो, हो! प्रत्येक होकाराची वेगळी ओळ. शिवाय त्या ओळीत प्रश्नाचा प्रकार आणि उत्तर यांच्यात एकच मोकळी जागा हवी. जास्तीची दिली तर ती उत्तरातच धरली जाते. सुबक रकाने पाडणाऱ्यांना ही खास शिक्षा.

बिनसलं कुठे, ते ऑल्ट आणि एफ४ दाबल्यावर दिसतं. म्हणजे ज्या यंत्रांना कीबोर्ड लागणारच नव्हता, त्यांच्यासाठी आता कीबोर्ड शोधत फिरा.

एवढं करून इन्स्टॉलेशन पार पडतं, यंत्र रीस्टार्ट होतं. बूटक्रमात नेटवर्क पहिलं राहिलं असेल, तर ते तीच फाइल पुन्हा आणतं आणि नुकतीच बसवलेली प्रणाली पुसून नव्याने बसवायला घेतं. या खेपेला मात्र कुणालाही काही न विचारता.