टायरवाले काका

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत निवृत्त इंजिनियरांना तोटा नाही, पण त्यांतला मोटारहोम घेतलेला इसम लांबूनही ओळखू येतो. बाकीचे काका नातवंडं आणि कोलेस्टेरॉल यांवर बोलतात; हे टायरवर बोलतात. गाडी फोर्ड ई-450च्या सांगाड्यावर उभी केलेली, पुढे दोन चाकं, मागे जोडीजोडीने चार. आत बिछाना, शेगडी, संडास, सगळं आहे. ती यलोस्टोनला जायला घेतली, असं काकू अजूनही सांगतात.

या गाडीच्या टायरची नक्षी अजून नव्यासारखी खोल असते. कोणीही म्हणेल, चालेल आणखी पुष्कळ. पण मोटारहोमचा टायर झिजून क्वचितच जातो, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तडे पाडतात. त्यांपासून वाचवणारं मेण रबरातच घातलेलं असतं खरं, पण टायर फिरून लवत राहिला तरच ते वर येतं. गाडी तर वर्षातले बहुतेक महिने अंगणात. म्हणून मिशेलिनसारखी कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी, कितीही चांगला दिसला तरी, काढून टाका. तेव्हा काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हे आधीच कबूल करतो. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, ही खरी अडचण.

वय कळतं ते डीओटी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हा क्रमांक पुरता असा टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो, आणि ती बाजू हमखास आतली निघते. मग सत्तरीचे काका बॅटरी घेऊन गाडीखाली शिरतात. बाहेर फक्त चपला दिसतात.

"अगं, लिहून घे, एक्केचाळीस सोळा!"

काकू वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतात. त्या यादीवर टायर आणि तूरडाळ गुण्यागोविंदाने नांदतात.

नवीन टायर घेतानाही हेच. दादरच्या बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून बघावेत तसा हा गृहस्थ दुकानात टायर उलटापालटा करून आठवडा बघतो. गोदामात वर्षभर पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात विकतात, हा त्याचा संशय निराधार नाही. दुकानदार म्हणतो, "मागवून देतो." काका म्हणतात, "कुठल्या आठवड्यातला?"

त्यातून टायरचं माप ठरलं, की वजनाचा प्रश्न येतो. एलटी225/75आर16, लोड रेंज ई. हा टायर एकटा असेल तर 80 पीएसआय हवेवर 2,680 पौंड पेलतो, जोडीत असेल तर 2,470. जोडीत प्रत्येकाची ताकद कमी धरायची, हे वाक्य काका बोलले आणि काकूंनी नुसतं पाहिलं. हवा किती भरायची ते गाडीच्या खऱ्या वजनावरून ठरतं, म्हणून वारी निघते ट्रकवाल्यांच्या काट्यावर. प्रवासाला निघताना असतं ते सगळं आत हवं: भरलेली टाकी, तांदळाचं पोतं, दोन कुकर, पाटा नको म्हटलं तरी आलेला खलबत्ता, आणि काकू. "माझं वजन मेलं कशाला चिठ्ठीवर?" या प्रश्नाला काकांनी "मागच्या आसावर फरक पडतो" असं उत्तर दिलं. त्यानंतर घरात बराच वेळ फक्त फ्रिजचा आवाज होता.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची रांग लांबली, की काका जी159 काढतात. गुडइयरचा हा टायर 1996 ते 2003 या काळात बनला आणि मोटारहोमवर बसला. तो मुळात त्या कामासाठी होता का, यावर खटले झाले. चाचण्यांची कागदपत्रं दडवल्याचं एक प्रकरण 2017 साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनीने टायर परत मागवले ते 2022 साली, म्हणजे शेवटचा टायर बनून एकोणीस वर्षं झाल्यावर. गोष्ट खरी आहे आणि काका ती रंगवून सांगतात. फक्त तो टायर साडेबावीस इंची चाकाचा, आणि काकांची चाकं सोळा इंची. हे कोणी लक्षात आणून दिलं, तर ते "मुद्दा प्रवृत्तीचा आहे" म्हणतात आणि शिऱ्याची वाटी पुढे करतात.

ही चिकित्सा चालू असताना उन्हाळे येतात, जातात. गाडी हलत नाही, कारण टायर जुने आहेत. टायर आणखी जुने होतात, कारण गाडी हलत नाही. काकूंनी मैत्रिणींबरोबर विमानाने यलोस्टोन पाहून घेतलं. फोटोंतल्या बसचे टायर काकांनी मोठे करून पाहिले.

अखेर सहाही टायर बसले. धातूचे व्हॉल्व्ह, आतल्या चाकांना हवा भरायच्या लांब नळ्या, उन्हासाठी पांढरी झाकणं, सगळं यथासांग. आता काका दर रविवारी ती झाकणं काढतात आणि टायर लवावेत म्हणून मोटारहोम घेऊन इंडियन स्टोअरला कोथिंबीर आणायला जातात. चार गाड्यांची जागा अडते. काकू मागच्या टेबलाशी बसून येताना कोथिंबीर निवडून टाकतात, तेवढाच घरी गेल्यावर वेळ वाचतो.