पाऊलमोजे

पायमोजे पायात असतात, पाऊलमोजे सोसायटीत. दर सोसायटीत एक तरी असतोच. साठी उलटलेली, बँकेतून निवृत्ती, मनगटावर जावयाने दिलेलं स्मार्टवॉच. उभ्या नोकरीत कॅश टॅली झाल्याशिवाय हा गृहस्थ घरी आला नाही. आता स्वतःची टॅली झाल्याशिवाय झोपत नाही.

सकाळी त्याला विचारावं, ‘‘काय काका, झोप लागली का?’’

‘‘थांबा, बघून सांगतो.’’

टवटवीत उठलेला माणूस, पण घड्याळाने झोपेला ६२ मार्क दिलेले दिसले की तिथेच जांभया द्यायला लागतो. झोपेच्या आकड्यांपायी झोप उडण्याच्या या प्रकाराला संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलंय. काकू त्याला ‘रिकामपण’ म्हणतात.

पाऊलमोजेंचं दैवत म्हणजे १०,००० पावलं. हा आकडा काही आयुर्वेदातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानच्या एका कंपनीने कमरेला लावायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. विक्रीसाठी ठेवलेलं नाव, त्याचं व्रत झालं! पुढे २०१९ साली हार्वर्डच्या संशोधकांना सोळा हजारांवर वयस्क बायकांच्या पाहणीत दिसलं, की साधारण ७,५०० पावलांपुढे आयुष्याचा फायदा वाढत नाही. भाच्याने हे ऐकवलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, ‘‘बायकांवरचा अभ्यास आहे ना? मग मामीला सांग.’’

मुळात घड्याळाला पाऊल दिसतच नाही. आत ॲक्सेलरोमीटर असतो, तो हाताचे हेलकावे मोजतो आणि त्यावरून पावलं ठरवतो. म्हणून सुपरमार्केटात ट्रॉली ढकलत केलेला तासाभराचा फेरफटका बराचसा बुडीत खात्यात जातो आणि गणपतीत पाच आरत्या टाळ्यांसह म्हटल्या की खात्यात फुकटची जमा पडते. काका हल्ली शेजाऱ्यांच्या आरत्याही चुकवत नाहीत. घड्याळ चार्जिंगला असताना मात्र ते जागचे हलत नाहीत. तेव्हा चालणं म्हणजे पावती न घेता वर्गणी देणं.

आंब्याच्या दिवसांत दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटला. तो थेट रक्तात बघत नाही. कातडीखालच्या, पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. डॉक्टरांनी हे समजावलं ते सावध राहण्यासाठी. काकांनी त्यातून एवढाच बोध घेतला, की बातमी फुटायच्या आत आमरसाची दुसरी वाटी बसते.

परवा रात्री पावणेबाराला हॉलमध्ये येरझाऱ्या चालू होत्या. ३६० पावलं कमी पडत होती.

‘‘आता झोपा, नाहीतर सकाळी झोपेचे मार्क कमी येतील,’’ काकू आतून म्हणाल्या.

काका दारात थबकले. एक खातं जुळवावं, तर दुसरं तुटीत! शेवटी निमूट आडवे झाले. दिवा गेला. जरा वेळाने काकूंना जाग आली, तर पांघरुणातून काजव्यासारखा हिरवा उजेड झिरपत होता. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेतं, किती परत आला त्यावरून नाडी मोजली जाते, हे त्यांना तोंडपाठ झालेलं. पण आज तो उजेड मागेपुढे, मागेपुढे हलत होता.

‘‘अहो, काय करताय?’’

‘‘चालतोय,’’ काका कुजबुजले.