बोम्मसंद्र्यातील लाकडी जमीन : ओरखड्यांचा चिकित्सक अभ्यास

मराठी घराच्या इतिहासात जमीन आणि सामान यांचे नाते एकदाच, पण मुळापासून उलटले, आणि या उलथापालथीची दखल कोणत्याही इतिहासकाराने घेतलेली दिसत नाही. शहाबादी फरशीच्या काळात जमीन दगडाची आणि सामान लाकडाचे असे. पाट, चौरंग किंवा माजघरातला पलंग यांपैकी काहीही ओढले तरी झीज व्हायची ती सामानाची, पलंगाचा खूर झिजून तो डुगडुगू लागला की त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली जाई, आणि जमिनीला काय वाटले असेल हा प्रश्न कोणाच्याही मनात येत नसे. त्याआधीच्या वाड्यांतही जमिनीत लाकूड होते, कारण वरच्या मजल्याची जमीन सागवानी तुळयांवर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे सलग आच्छादन, घालून केलेली असे; मात्र त्यावर बहुधा माती चोपून ती शेणाने सारवली जात असल्यामुळे उघड्या लाकडावर मिरवण्याची हौस वाड्यांच्या धन्यांनाही फारशी भागवता आली नाही. ती भागवण्याचे काम पुणे, सांगली आणि बेळगावहून बंगळूरला आलेल्या संगणक अभियंत्यांच्या वाट्याला आले. आता जमीन लाकडाची, निदान तशी दिसणारी, आणि सामान लोखंडी पायांचे.

बंगळूरच्या बोम्मसंद्रा भागातील सदनिकांमध्ये आढळणाऱ्या अशा जमिनींचे तीन वर्ग पडतात. पहिला भरीव लाकडाचा, ज्यात फळी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीची आणि आरपार एकाच लाकडाची असते. हा वर्ग प्रामुख्याने जाहिरातींत दिसतो. दुसरा 'इंजिनिअर्ड' लाकडाचा, म्हणजे प्लायवूडसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा काही मिलिमीटरचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या फळ्यांचा. तिसरा लॅमिनेटचा, आणि भाड्याच्या घरांत बहुतांशी तोच असतो. यात दाबून घट्ट केलेल्या लाकूडतंतूंच्या फळीवर लाकडाचे छायाचित्र असलेला कागद आणि त्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर असतो. १९७७ साली स्वीडनमधील पर्स्टॉर्प या कंपनीत जन्मलेल्या या कल्पनेमुळे लाकडाशिवाय लाकडाचा अभिमान बाळगणे प्रथमच शक्य झाले. प्रस्तुत लेखक या तिसऱ्या वर्गातील जमिनीचा भाडेकरू असून, दुसऱ्याच्या मालकीच्या छायाचित्राबद्दल माणसाला किती गर्व वाटू शकतो याचा पुरावा म्हणून त्याचे उदाहरण ग्राह्य धरावे. पाहुणा दारात चपला काढत असतानाच तो 'जरा सांभाळून, वुडन फ्लोअरिंग आहे' असे म्हणतो, आणि पाहुण्याने 'खरे लाकूड का?' असे विचारल्यास 'तसेच म्हणायचे' असे उत्तर देऊन पंख्याची गती वाढवायला उठतो.

या जमिनीला ओरखडे का पडतात, याचे लोकप्रिय उत्तर 'जड सामानामुळे' असे आहे आणि ते अपुरे आहे. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची एक पद्धत गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली मांडली, तीत ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी तिच्या निम्म्या व्यासापर्यंत लाकडात रुतवण्यास किती बल लागते ते पाहिले जाते. सागवानाच्या बाबतीत हा भार पाचशे किलोच्या जवळपास जातो, म्हणजे सोफा शांत उभा राहिला तर त्याने सागवानाचे काही बिघडण्याचे कारण नाही. बिघडते ते सोफा शांत उभा न राहिल्यामुळे. खुर्चीच्या नळीचे रबरी बूट निखळले की साठ-सत्तर किलोच्या माणसाचा भार नळीच्या नखाएवढ्या कडेवर येतो, आणि जेवून उठताना ती व्यक्ती खुर्ची मागे रेटते तेव्हा ती कडा पटाशीचे काम करते. त्यात भर रेतीच्या कणांची. बोम्मसंद्र्याला लागून असलेल्या जिगणीत ग्रॅनाइट कापण्याचे आणि पॉलिश करण्याचे कारखाने आहेत. ग्रॅनाइटच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि खनिजांच्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचा क्रमांक सातवा लागतो. लॅमिनेटच्या वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे नवव्या क्रमांकावरच्या कुरुंदाचेच द्रव्य, मिसळलेले असल्यामुळे ती जमीन काही काळ टिकून राहते. पॉलिश केलेल्या खऱ्या लाकडाला मात्र हे चिलखत बेताचेच असते. गंमत अशी की सुतार लाकूड घासण्यासाठी जो पॉलिशपेपर वापरतो, त्यावरही पुष्कळदा हेच द्रव्य असते. एकाच पदार्थाने घासायचेही आणि घासण्यापासून वाचवायचेही, असा हा उद्योग आहे.

परंतु सामान हलतेच का? मध्यमवर्गीय घरात याची कारणे दोन. एक वास्तुशास्त्र, ज्यानुसार उशी दक्षिणेला हवी, आणि ती दक्षिणेला नाही हे लक्षात आणून देणारा नातेवाईक नेमका पलंग लावून झाल्यावर येतो. दुसरे कारण रविवार.

येथे मूळ विषय थोडा बाजूला ठेवून एक मुद्दा सविस्तर मांडणे अपरिहार्य आहे, कारण सामान आणि उघडी लाकडी जमीन यांचा संसार मराठी माणसाने प्रथम स्वतःच्या घरात पाहिलेला नाही, तो नाट्यगृहात पाहिला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा देवादिकांना सोफ्याची आवश्यकता नव्हती. पुढे संगीत नाटकाने रंगवलेल्या पडद्यांवर महाल आणि अरण्ये उभी केली, आणि सामानाच्या नावाने एखाद्या सिंहासनावर भागले. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणले तेव्हा मात्र खोलीचा भास निर्माण करणारी भिंती-दारांची रचना रंगमंचावर आली, आणि खोली म्हटली की बसायला काहीतरी लागते या न्यायाने मराठी रंगभूमीवर जो दिवाणखाना स्थिरावला तो आजतागायत उठलेला नाही. या दिवाणखान्याचे काही नियम आहेत. सोफा कधीही भिंतीला टेकलेला नसतो. त्यावर बसलेले पती-पत्नी कितीही भांडले तरी दोघांची तोंडे प्रेक्षकांकडे असतात. टीपॉयवरचे वर्तमानपत्र सासरे उघडतात, वाचत मात्र कोणी नाही. पाठीमागे वर जाणारा जिना असतो आणि त्यावरून नायिका रागाने जाते ती बहुधा विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसते. दोन प्रवेशांच्या मधल्या काळोखात कोणीतरी हा सोफा ओढतो, त्याचा खरखरीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि हजारभर सुसंस्कृत माणसे तो ऐकूच आला नाही असे दाखवतात; एरवी शेजारच्याच्या मोबाईलवर खेकसणाऱ्या या समाजाच्या सहनशीलतेचा इतका शुद्ध नमुना इतरत्र मिळणे कठीण. प्रयोग संपल्यावर तोच सोफा मध्यरात्री ट्रकमध्ये चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातल्या फळ्यांवर पुन्हा ओढला जातो. पडद्यामागच्या कामगारांना तो एका हाताने उचलता येतो, कारण तो बहुधा आतून पोकळ असतो. तरीही तो ओढलाच जातो, कारण काळोखात वेळ थोडा असतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या, १९६८ पासून राबणाऱ्या वास्तूच्या रंगमंचाने असे किती दिवाणखाने अंगावर घेतले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि ठेवण्याचे कारणही नाही. रंगमंचाच्या फळ्यांवर खिळ्यांची भोके पडतात, चाकांच्या रेघा उमटतात, खडूच्या खुणा राहतात. व्यवस्थापन मधूनमधून काळ्या रंगाचा हात मारते, अगदीच गेलेली फळी बदलते आणि संध्याकाळचा प्रयोग वेळेवर सुरू होतो. त्या जमिनीसाठी कोणी पाहुण्याला चपला काढायला लावलेल्या नाहीत. हा विषय वास्तविक एका स्वतंत्र ग्रंथाचा आहे आणि प्रस्तुत लेखकाने तो लिहायला घेतल्यास दिवाणखान्यातील टेलिफोनवरच एक प्रकरण खर्ची पडेल.

घरगुती जमिनीच्या संरक्षणाची साधने मोजकी आहेत. खुर्चीच्या पायांखाली नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या किंवा तशाच कृत्रिम धाग्यांच्या, चकत्या चिकटवतात. परंतु या चकतीत रेतीचे कण रुतून बसले की तीच घासपट्टी होते, म्हणून ती वेळोवेळी बदलावी लागते, हे चकतीच्या पाकिटावर लिहिलेले नसते. संगणकासमोरच्या फिरत्या खुर्चीला कडक नायलॉनऐवजी मऊ पॉलियुरेथेनची चाके लावता येतात. जड कपाट हलवायचे असल्यास त्याखाली जुनी सतरंजी सारून मग ओढावे. कपाट मुळीच हलवू नये, असा चौथा उपाय सुचेल, पण लॅमिनेटची जमीन खालच्या फरशीला चिकटवलेली नसते, ती तिच्यावर नुसती अंथरलेली असते आणि दमट-कोरड्या हवेप्रमाणे प्रसरण-आकुंचन पावता यावे म्हणून भिंतीकडेला आठ-दहा मिलिमीटरची फट ठेवलेली असते. तिच्यावर भरलेले लोखंडी कपाट कायमचे उभे केले की ती तेथे जखडली जाते आणि जोड दुसरीकडे उघडतात. थोडक्यात, कपाट हलवले तर ओरखडा आणि न हलवले तर फट.

दुरुस्तीच्या बाबतीत जमिनीचा वर्ग ओळखणे महत्त्वाचे. खऱ्या लाकडात पोचा पडला असेल, म्हणजे तंतू तुटलेले नसून नुसते दबलेले असतील, तर ओले फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री अलगद फिरवल्यास वाफेने तंतू फुगून पुष्कळसे वर येतात, त्यानंतर त्या जागी पुन्हा पॉलिशचा हात द्यावा लागतो. हाच प्रयोग लॅमिनेटवर केल्यास वर येते ते छायाचित्र. उथळ ओरखड्यावर अक्रोडाचा गर चोळल्यास त्यातील तेलाने रेघ गडद होऊन लपते, आणि आज अक्रोडाचा भाव पाहता हा उपाय ओरखडा फार मोठा नसतानाच परवडतो. खोल खाचेत सुतार भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरतात किंवा रंग जुळवून लांबी भरतात. लॅमिनेटसाठी मेणाच्या रंगीत कांड्या मिळतात. भरीव लाकूड अनेकदा घासून नव्याने पॉलिश करता येते, इंजिनिअर्ड लाकूड वरच्या पापुद्र्याच्या जाडीनुसार एकदा-दोनदा, लॅमिनेट कधीच नाही. त्याची फळीच बदलावी लागते आणि त्यासाठी भिंतीपासून त्या फळीपर्यंतच्या रांगा उकलाव्या लागतात. बदली फळ्या माळ्यावर ठेवलेल्या असतात, पण उन्हाने खालची जमीन एव्हाना फिकी झालेली असल्यामुळे नवी फळी ओरखड्यापेक्षा जास्त उठून दिसते. लाकडाच्या अशा स्वभावाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था याच शहरात, मल्लेश्वरम येथे आहे, १९३८ साली म्हैसूर संस्थानात सुरू झालेल्या प्रयोगशाळेपासून तिचा वारसा सांगितला जातो. मात्र तिच्याकडे छायाचित्राची तक्रार घेऊन जाण्याचे धैर्य अद्याप कोणत्याही भाडेकरूने केल्याचे ऐकिवात नाही.

या सर्व उपायांची परीक्षा घरात वृद्ध माणूस आल्यावर होते. मिरज किंवा नाशिकहून मुलाकडे राहायला आलेली आई आयुष्यभर फरशीवर वावरलेली असते; सकाळी उन्हाला बसण्यासाठी ती जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची गॅलरीच्या दारापर्यंत ओढत नेते, कारण उचलण्याएवढे बळ मनगटात उरलेले नसते, आणि खुर्चीच्या आधाराने चालताही येते. पहिल्या आठवड्यात मुलगा म्हणतो, 'आई, ओढू नको गं, उचलून ठेव.' दुसऱ्या आठवड्यात तो चकत्या लावतो, आणि चकत्या लावलेली खुर्ची इतकी सहज घसरते की तिच्यावर भार टाकून उठणे धोक्याचे होते. वॉकरच्या रबरी बुटांचे काळे डाग पडतात म्हणून त्यांवर मोजे चढवले जातात, आणि मोजे चढवलेल्या वॉकरवर कोणी विसंबू नये. मग आई काही बोलत नाही. ती उन्हाला बसणेच सोडते, सकाळभर पलंगावर बसून राहते, आणि खोलीतून बाहेर येताना भिंतीच्या कडेकडेने येते. तिच्या कडेकडेने येण्याचे कारण मुलाच्या लक्षात यायला वेळ लागतो, हे लिहिताना प्रबंधाची भाषा अपुरी पडते. जमीन जपण्याच्या नादात घरातल्या सर्वांत हलक्या माणसाला जागा उरू नये, यात हसण्यासारखे काही नाही. अशा वेळी चकत्या आणि मोजे काढून टाकणे हाच उपाय होय. रेघा पडतील त्या पडोत.

राहता राहिला घरमालक. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, भाडेकरूने जागा मिळाली त्या स्थितीत परत द्यावी, मात्र वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली आहे. झीज कुठवर वाजवी हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि बंगळूरच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घरमालकाकडे असल्यावर ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे जातो हे सांगावे लागत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी ही अनामत दोन महिन्यांपुरती सीमित केलेली आहे, परंतु नमुना राज्याने स्वीकारावा लागतो. तोवर सुज्ञ भाडेकरू घरमालक पाहणीला येण्याच्या सुमारास आईची खुर्ची नेमकी त्या रेघांवर मांडतो, खाली सतरंजी टाकतो आणि तिला चहा होईपर्यंत न उठण्याची विनंती करतो, कारण पंच्याहत्तरीच्या बाईला 'जरा उठा' म्हणणारा घरमालक या शहरात सापडणार नाही. आईही ही भूमिका आनंदाने वठवते. इतकेच की एका पाहणीच्या वेळी बोलायला विषय म्हणून तिने सतरंजीखालच्या जमिनीकडे बोट दाखवून 'हे खरे लाकूड का हो?' असे विचारले, त्यावर घरमालकाने क्षणभरही न अडखळता 'बर्मा टीक, अम्मा' असे उत्तर दिले, आणि भाडेकरूने जोराने मान डोलावली.