अण्णांचा फ्रिज अन् गंगेचा गाळ

अहो, ऐकलंत का? अण्णांकडे नवा फ्रिज आला. आता आधीचाही नवाच होता म्हणा, तेच तर सांगायचंय. जरा अशा शेवग्याच्या आड या, तिकडून अण्णांकडच्या थोरल्या बाईंना दिसतं सगळं.

तर जुलैत सेलमध्ये घेतलेला तो आधीचा फ्रिज. नाशिकच्या त्या दुकानातून... नाव कशाला घ्या, तुम्हाला ठाऊकच आहे. हप्त्यांवर घेतला. दुकानदार म्हणाला होता, "काकू, १० वर्षं बिनघोर राहा!" आता ती १० वर्षं नुसत्या कॉम्प्रेसरची असतात, बाकी सामानाला बहुतेक वर्षभराचीच वॉरंटी, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतंय! थोरल्या बाईंनी पेढे वाटले. मला अर्धा दिला. अर्धा! मी काही बोलले नाही.

तर काय सांगत होते... ऑगस्ट सरतोय न सरतोय तोच दूध नासायला लागलं. दाराला हात लावला की झिणझिण्या. थोरल्या बाईंचं आपलं एकच, "सुनेनं फरशी पुसताना पाणी उडवलं असणार." सून गप्प. पण ओठ असे आवळलेले! मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, ही काही सोडायची नाही.

दुकानात फोन केला की "शेठ जेवायला गेलेत." सकाळी अकराला जेवायला, संध्याकाळी सहाला जेवायला. कंपनीच्या नंबरावर हिंदीसाठी हे दाबा, मराठीसाठी ते दाबा, अन् मग नुसतं गाणं. सुनेच्या नवऱ्यानं, आपल्या भाऊंनी, फोन स्पीकरवर ठेवून गोठा झाडून काढला म्हणे, गाणं काही संपेना.

शेवटी आला एकदाचा कंपनीचा मेकॅनिक. फ्रिज पुढे ओढला, मागचा पत्रा खोलला, बॅटरी मारली अन् एकदम चूप. मग म्हणतो, "ताई, हे मशीन पाण्यात गेलेलं आहे." मी तिथेच होते हो, विरजण मागायला गेले होते. वाकून पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या बुडाशी गाळ! वाळून पापुद्रे सुटलेले, वायरींच्या बेचक्यात जाऊन बसलेला. आता गाळ ओळखायला आपल्याला कोणी शिकवावं? २०१९ च्या ऑगस्टात आपण घरंच्या घरं खरवडलीत. गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, गाळ सायखेड्याची बाई नुसत्या वासावर सांगेल. मेकॅनिक म्हणाला, पुराच्या पाण्याला वॉरंटी लागत नाही. वर व्हिजिट चार्ज घेऊन गेला! थोरल्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू गाळ मीच आणून टाकला.

मग भाऊ अन् सून गेले नाशिकला. शेठ नेमका जेवलेला होता. त्यानं विचारलं, गाव कोणतं? भाऊ म्हणाले, सायखेडा. झालं! "अहो, मग तुमच्याच घरात शिरलं असणार पाणी!" अख्खं दुकान हसलं. भाऊंचा चेहरा एवढासा झाला. बोलणार काय? गंगापूर धरणाचं पाणी सुटलं, नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की टीव्हीवर पुढची नावं चांदोरी अन् सायखेडा, ठरलेलीच. खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा, वर आपल्या पुलाला अडकलेल्या पाणवेली... यंदा ऑगस्टात गावात पाणी आलंच होतं, नाही कोण म्हणतंय! पण जुलैच्या पुरात ह्या शेठच्या गोदामात काय झालं होतं, ते कोणी विचारायचं? वर तो म्हणतो, "बिल दाखवा." बिल होतं कुठे? "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला होता, ते टाकतोच आहे अजून. भिंतीवर पाटीही आहे म्हणे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

सून तिथे एक शब्द बोलली नाही. घरी आली, भाकरी टाकल्या, अन् दुसऱ्या दिवशी गेली थेट तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ना, असू दे, आपल्याला तलाठीच. कशाला गेली असेल, सांगा बरं?

अहो, पंचनाम्याची यादी! आठवतंय, यंदाच्या पुरानंतर अण्णा किती चिडले होते? खालच्या आळीतल्या सगळ्यांची नावं मदतीच्या यादीत, अन् अण्णांचं नाही. तलाठी बिचारा सांगत होता, "अण्णा, तुमचं घर उंचावर, तुमच्या पायरीलाही पाणी लागलं नाही, मी लिहू काय?" त्यावरून अण्णा महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हते. तीच यादी सुनेनं मागून आणली. सरकारी कागदच सांगतो, ह्यांच्या घरात पाणी शिरलेलं नाही. अण्णांचं तोंड पाहायला हवं होतं तुम्ही. हसावं की रागवावं, त्यांनाच कळेना.

अन् बिलाचं काय केलं, ते तर ऐकाच. फ्रिज हप्त्यांवर ना? मग कर्ज देणाऱ्या कंपनीला दुकानाचं बिल लागतंच की. त्यांचा जो मेल आला होता त्यात बिल नंबर, तारीख, फ्रिजचा सिरियल नंबर, सगळं. भाऊंनी तो मेल कधी उघडूनही पाहिला नव्हता. पुरुषांचं असंच... जाऊ दे.

अण्णा म्हणाले, "कोर्टकचेरी नको, वकील फ्रिजपेक्षा महाग पडेल." सून म्हणाली, "मामंजी, वकील लागतच नाही." ग्राहक मंच म्हणतो ना आपण, त्याला आता जिल्हा आयोग म्हणतात. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही. नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो नाहीतर कुठेही. फक्त २ वर्षांच्या आत करायची. अन् बिल न देणं हाच मुळात गुन्ह्यासारखा... काय बाई तो शब्द, अनुचित व्यापारी प्रथा. खराब माल परत घ्यायला नकार देणं, तेही त्यातच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायचा. पाटी लावली म्हणून कायदा बदलतो होय!

हे ऐकलं अन् अण्णांच्या अंगात वारंच शिरलं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला पुण्यात ग्राहक पंचायत कशी काढली, सरकारचा कायदा यायला पुढं १९८६ कसं उजाडलं, सगळं सुरू. दोनदा चहा झाला तरी ते १९८६ च्या अलीकडे येईनात.

तर काय सांगत होते... हां. सुनेनं १९१५ ला फोन लावला, ती सरकारची ग्राहक हेल्पलाइन. तक्रारीचा नंबर मिळाला. मग दुकानाला अन् कंपनीला रजिस्टर पत्र. फोटो जोडले, यादी जोडली. अन् अमुक दिवसांत उत्तर आलं नाही तर आयोगात जाऊ, असं साध्या मराठीत लिहिलं.

पत्र पोचल्यावर शेठचा फोन आपणहून आला. जेवण वगैरे सोडून! "ताई, घरचाच माणूस समजा, या एकदा." ह्या वेळी थोरल्या बाईही गेल्या, नवी पैठणी नेसून. पैठणी कशाला म्हणावी?

शेठनं आधी चहा मागवला. मग म्हणाला, दुरुस्त करून देतो. सून म्हणाली, नको. मग म्हणाला, वापराचे थोडे कापून पैसे देतो. भाऊ हो म्हणायला तोंड उघडणार, तोच सुनेनं नुसतं बघितलं. मग ती शांतपणे म्हणाली, "आम्ही गाळ काढलेला नाही, तसाच ठेवलाय. आयोग लागलं तर प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. हा फ्रिज कोणत्या पाण्यात गेला होता, ते तेच सांगतील."

शेठचा चेहरा उतरला तो असा... थोरल्या बाईंनी मला तीनदा करून दाखवला. खालचा ओठ लोंबायला लागला म्हणे. कोपऱ्यात उभा असलेला त्याचा पोऱ्या चटकन गोदामाकडे निघून गेला. त्यावरूनच काय ते समजा.

मंगळवारी टेम्पो आला. नवा फ्रिज, बिल हातात, अन् जुना परत घेतल्याचं दुकानाच्या शिक्क्यासह लिहून. सुनेनं उतरवून घ्यायच्या आधी पत्रा खोलायला लावला, टेम्पोवाल्याचा घाम निघाला! थोरल्या बाईंना रंग आवडलेला नाही. "आधीचा मरून बरा होता," म्हणतात. आता काय बोलायचं! पेढे मात्र वाटले. ह्या वेळी अख्खा दिला मला.

अन् हो, तेव्हापासून आपल्या आळीत सगळ्याजणी फ्रिज पुढे ओढून मागं बघतायत. कोपऱ्यावरच्या मावशींना हरवलेलं लाटणं सापडलं. पण त्या नव्या बंगल्यातल्या वहिनी आहेत ना, त्यांनीही त्याच सेलमध्ये वॉशिंग मशीन घेतलंय. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही अजून... पण काल दुपारी कागदांची फाइल घेऊन अण्णांच्या सुनेकडे शिरल्या, त्या दिवेलागणीलाच बाहेर पडल्या. मी इथेच तर होते, भाजी निवडत.